बल्बवर पास, पंपावर नापास

रेणापूरच्या स्टँडसमोर शेषेराव सोनकांबळेचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, आणि त्या दुकानाची एक रीत होती. मोटार कुणाचीही असो, बागायतदाराची असो की पिठाच्या गिरणीची, तिच्यात नवी तार भरून झाली की मालकाला बाकड्यावर बसवायचं, चहा मागवायचा आणि त्याच्यासमोर बल्ब लावून दाखवायचा. बल्ब हवा तसा पेटला की मोटार पास. नाही पेटला तर शेषेराव पुन्हा तारा उपसायला बसायचा. गिऱ्हाईकाला त्यातलं काही कळत नसे, पण बल्ब पेटलेला सगळ्यांनाच दिसतो. त्यामुळे पंचक्रोशीत असं झालं होतं की शेषेरावचा बल्ब पेटला म्हणजे पुढं बोलायचं काम नाही.

हे काम तो नांदेडला शिकला होता. बहात्तरच्या दुष्काळात तो सतरा वर्षांचा होता आणि रेणापूरजवळच्या आपल्या गावी, हरणवाडीच्या माळावर, आईच्या शेजारी बसून खडी फोडत होता. तिथून एका ट्रकात बसून तो नांदेडला गेला आणि वजिराबादेत गुंडप्पा मिस्त्रीच्या दुकानात झाडू मारायला लागला. गुंडप्पा देगलूरकडचा लिंगायत माणूस, निम्मं कानडीत रागवायचा आणि निम्मं मराठीत. त्यानं या पोराची जात विचारली नाही, हात बघितले. दहा वर्षांत शेषेराव तार मोजायला शिकला, वार्निशचा वास ओळखायला शिकला, नुसत्या घरघरीवरून मोटारीचं दुखणं सांगायला शिकला. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला तेव्हा त्याला वाटलं, आता आपल्याकडं मोटारीच मोटारी येणार. म्हणून तो बायको सिंधूला घेऊन रेणापूरला परत आला.

मोटारी आल्या, नाही असं नाही. पण नव्या जिल्ह्याबरोबर एक नवा गोंधळही आला. ज्याला विचारावं तो दुसरीकडं बोट दाखवायचा. कागद लातूरला असला तर फाईल उस्मानाबादला असायची आणि फाईल लातूरला आली की साहेब बदलून गेलेला असायचा. हरणवाडीला विजेचे खांब या घोळातच उभे राहिले. माळ ओलांडून ओढ्यापर्यंत आले आणि थांबले. तारा काही आल्या नाहीत. चार वर्षं होत आली तरी त्या खांबांना गावकरी म्हशी बांधत होते.

शेषेरावमध्ये एक खोड होती, ती आताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. शिकलेला माणूस समोर बोलायला लागला की याला कळो न कळो, हा मान डोलवून "हाव साहेब" म्हणायचा. सातवीपर्यंतची शाळा, आणि साहेबाचं इंग्रजी. मला कळलं नाही असं म्हणायची त्याला भारी लाज वाटायची.

शहाऐंशीच्या उन्हाळ्याला फेब्रुवारीतच तोंड फुटलं. दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. हरणवाडीची विहीर संक्रांतीलाच कोरडी पडली. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तो गावात रिकामा व्हायचा, बौद्धवाड्यापर्यंत येईस्तोवर त्यातून नुसते थेंब गळत. मग वाड्यातल्या बायका दीड कोसावरच्या मोहगावला जायच्या. तिथं एका शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी होतं. पण त्याच्या घरच्यांचं आणि गावच्यांचं भरून झाल्यावर यांचा नंबर, आणि तोही विहिरीला हात न लावता. वरून कुणीतरी ओतायचं, खाली यांनी घागर धरायची. शेषेरावची आई धुरपताबाई वाड्यातच राहायची. साठीला टेकलेली ती बाई रोज दोन खेपा करत होती. "रेणापूरला चल," म्हणून शेषेराव थकला. ती म्हणायची, "म्या एकली आले तर बाकीच्या बायकायनी काय करायचं?"

आणि गंमत बघा, वाड्याला स्वतःचं पाणी होतं. डिसेंबरात बोअरची गाडी आली, तिनं वाड्याच्या कडेला भोक पाडलं आणि एकशे नव्वद फुटांवर पाणी लागलं. एवढ्या खोलीवर साधा हातपंप बसवता आला असता. पण कागदावर हरणवाडीला लाईट होती. खांब उभे आहेत म्हणजे लाईट आहे, असं कुठल्याशा टेबलावर ठरलं होतं. म्हणून तीन हॉर्सपॉवरचा सबमर्सिबल पंप आला, बोअरमध्ये सोडला गेला, आणि बोअरच्या तोंडावर नळी काढून सगळे साहेब निघून गेले. वीज नसल्यानं तो पंप तसाच पाण्यात बसून राहिला. बायका त्या नळीला रिकाम्या घागरी टेकवून मोहगावच्या वाटेला लागायच्या.

सरपंच पंढरी माणूस वाईट नव्हता. त्याची विहीर आटल्यामुळं त्याचं आठ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजन गोठ्यात पडून होतं. ते तो वाड्याला द्यायला तयार झाला. इंजनानं वीज तयार करायची आणि त्या विजेवर पंप चालवायचा, एवढं सगळ्यांना कळत होतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लातूरहून एक तरुण अभियंता साहेब जीपमधून आले. पंढरीनं शेषेरावला मुद्दाम बोलावून घेतलं. आपल्या गावचाच कारागीर.

साहेबांनी बोअर बघितला, इंजन बघितलं आणि म्हणाले, "दोन प्रकार आहेत. एक सिंक्रोनस जनरेटर. मागणी एकतीस मार्चच्या आत आली तर मी टंचाईच्या निधीतून मंजूर करून देतो, मशीन यायला दोन महिने. दुसरा इंडक्शन जनरेटर. म्हणजे साधी मोटार उलटी चालवायची, कपॅसिटर लावून. तो इथंच कुणी बनवत असेल तर उत्तम. पण त्याच्यावर पंप चालवायचा तर स्टार्टिंग करंटचा विचार करा. सेल्फ एक्सायटेड मशीन कोलॅप्स होतं."

शेषेराव म्हणाला, "हाव साहेब."

त्याला अर्धं कळलं होतं आणि त्या अर्ध्यानं तो खूष झाला होता. साधी मोटार उलटी चालवायची, हे त्यानं केलेलं होतं! गुंडप्पाच्या दुकानात लाईट गेली की ते मोटारीला इंजनाचा पट्टा लावायचे, तीन कंडेन्सर जोडायचे आणि सगळ्या दुकानात झगझगीत उजेड पडायचा. कपॅसिटर म्हणजे कंडेन्सरच. दुसरा तो सिंक्रोनस म्हणजे बाजारातला अल्टरनेटर. त्याला कार्बनचे ब्रश, त्याला विजेचा दाब राखणारी रेगुलेटरची प्लेट, ती जळाली की पुण्या-मुंबईकडं पाठवा. आणि दोन महिने! दोन महिने माय मोहगावला जाणार, आणि आपल्या दुकानात मोटारी पडलेल्या.

"किती दिवस लागतील?" पंढरीनं विचारलं.

"आठ दिवस," शेषेराव म्हणाला.

हा आकडा धुरपताबाईनं त्याच दिवशी घरोघर पोचवला. मोहगावच्या विहिरीवर तिनं एका बाईला ऐकवलंही, "आणिक आठ दिस पाणी वता बाई, मंग न्हाई येत आमी." तिच्या आयुष्यात फुशारकी मारायचे प्रसंग फार आले नव्हते, तेव्हा या एका प्रसंगी तिनं हात आखडता घेतला नाही.

शेषेरावनं पाच हॉर्सपॉवरची एक जुनी मोटार घेतली, नवी भरली, बेअरिंग बदलली, कंडेन्सर आणले. हिशेब त्यानं असा केला होता की तीनच्या पंपाला पाचचं मशीन म्हणजे दोन वर उरतात. आठव्या दिवशी सकाळी बैलगाडीतून मशीन हरणवाडीला आलं. इंजनाला पट्टा चढला. आणि मग शेषेरावनं आपल्या दुकानाची रीत पाळली. बाभळीच्या फांदीला आडवी दोरी बांधून त्यानं दोनशे वॅटचे बारा बल्ब टांगले. बारा दुणे चोवीस, चोवीसशे वॅट. तीन हॉर्सपॉवर म्हणजे बावीसशे आणि वर थोडे. बल्ब पेटले तर पंप चालणार, याच्यात शंका घ्यायला जागा कुठं होती?

इंजन धडधडलं आणि भर दुपारी बारा बल्ब असे पेटले की बघणाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंढरीनं नारळ फोडला. बायका घागरी घेऊन नळीसमोर ओळीनं बसल्या होत्या, धुरपताबाई सगळ्यात पुढं.

शेषेरावनं बल्ब काढले आणि पंपाचा खटका दाबला.

इंजन एकदम हलकं झालं. ओझं उतरलेल्या गाढवासारखं ते मोकळं धावायला लागलं. जमिनीखालून क्षणभर हूं असा आवाज आला आणि तोही थांबला. नळीतून थेंबसुद्धा आला नाही. शेषेरावनं खटका बंद केला, पुन्हा दाबला. काही नाही. पंप सोडला आणि परत बल्ब जोडले. आता बल्बही पेटेनात! मघाशी डोळे दिपवणारं मशीन मुकाट फिरत होतं, गरगरा फिरत होतं, आणि त्यातून वीज म्हणून काही येत नव्हती.

"जळलं का?" पंढरीनं विचारलं.

शेषेरावनं मशीनला नाक लावलं. जळलेल्या वार्निशचा वास नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं ते खोललं, एकेक वेटोळं तपासलं, परत जोडलं. तारा शाबूत, कंडेन्सर शाबूत, बेअरिंग लोण्यासारखी. सगळं नीट आहे आणि वीज नाही, असं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोटार बिघडते तेव्हा कुठंतरी काहीतरी तुटलेलं असतं, ते शोधायचं आणि जोडायचं, एवढं त्याचं शास्त्र. इथं तुटलेलंच काही सापडेना. त्याचं डोकं चालेनासं झालं.

बायका केव्हाच उठून मोहगावला गेल्या होत्या. उशीर झाला म्हणून त्या दिवशी धुरपताबाई निम्मीच घागर घेऊन आली. तिनं त्यातलं तांब्याभर पाणी आधी मुलाला दिलं, आणि त्यानं शेषेराव जास्तच खचला.

तारीख होती सत्तावीस मार्च.

"तुम्हाला कळंना झालंय तर कुणाला तरी इचारा की," सिंधू म्हणाली. "इचारल्यानं काय हात झडत्यात का?" दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं शेषेराव निघाला. अहमदपूर, लोहा आणि नांदेड. पुलावरून गोदावरी दिसली ती नुसती वाळू, मधे एक डबकं आणि त्यात उभ्या म्हशी. वजिराबादेतलं दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं की मिस्त्री उमरीला गेलेत, तिथल्या जिनिंगची मोटार बसलीय. शेषेराव तसाच स्टेशनवर गेला आणि उमरीची गाडी धरली.

गुंडप्पा जिनिंगच्या शेडमध्ये सरकीच्या ढिगाजवळ बसून मोटार भरत होता. केस पिकले होते, हात तसेच होते. शेषेरावनं सगळं सांगितलं. बारा बल्ब सांगितले, गाढव झालेलं इंजन सांगितलं, वास नसल्याचं सांगितलं. म्हातारा हसायला लागला.

"बल्बवर पास केलास व्हय रे? कोणी शिकवलं?"

"तुमीच, उस्ताद."

"म्या भरलेली मोटार तपासायला शिकवलं. जनित्र तपासायला न्हाई." गुंडप्पानं हातातली तार खाली ठेवली. "हे बग. बल्ब गरीब हाय. त्याला जेवढं दिलं तेवढं घेतो. पंपाची मोटार झोपेतून उठताना पाच-सहा पट वढती. रेणापूरला कुणी गिरणी चालू केली की आळीतले बल्ब मिणमिणत्यात का न्हाई?"

"मिणमिणत्यात."

"ते कामून? गिरणीची मोटार उठून राहिली म्हणून. तिथं मागं सरकारची मोठी लाईन असती, ती सोसती. तुज्या मशीनच्या मागं कोण हाय? तीन कंडेन्सर. तुज्या मशीनला सोताचं चुंबक न्हाई. लोखंडात थोडं शिल्लक असतं आणि कंडेन्सर ते वाढवून धरतो. पंपानं एका झटक्यात सगळं वढून घेतलं. लोखंडातलं बी गेलं. म्हणून बल्ब बी पेटंना. ते जळलं न्हाई, त्याचं चुंबक उतरलं. बॅटरीच्या दोन तारा घडीभर लाव, परत जागं होईल."

शेषेरावला वाटलं, कुणीतरी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. गिरणी चालू झाली की आळीतले बल्ब मंदावतात, हे त्यानं हजार वेळा पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. ते आपल्या मशीनला लागू होईल हे मात्र एकदाही डोक्यात आलं नव्हतं. साहेब जीपजवळ उभं राहून हेच सांगत होते बहुतेक, आणि आपण हाव म्हणालो.

"मंग अल्टरनेटरचं चुंबक जात न्हाई?"

"त्याला चुंबकाची येगळी सोय असती. मोटार उठताना तो वाकतो, मरत न्हाई."

"म्हंजे माजं मशीन वाईट."

"वाईट कशानं? दिव्याला लाव, वीस वर्षं हात लावायला नको. ब्रश न्हाई, प्लेट न्हाई. धुळीत चालंल, पोरं बसली तरी चालंल."

"मोठी मोटार घेतली, पंधराची, कंडेन्सर दुप्पट केले तर पंप उठंल का?"

"उठंल."

"खात्रीनं?"

गुंडप्पानं खाली ठेवलेली तार पुन्हा उचलली. "म्या एकदा केलतं. कधी उठायची, कधी न्हाई. खरं सांगतो."

"मंग अल्टरनेटरच मागवू?"

"मागव. पर प्लेट उडाली तर काय करशील? मला बी ती दुरुस्त करता येत न्हाई."

"उस्ताद, तुमी एक काय ते सांगा ना!" शेषेराव अक्षरशः रडकुंडीला आला होता.

"म्या काय सांगू? पाणी तुमाला प्यायचंय." आणि म्हातारा पुन्हा तार मोजायला लागला, कारण त्यालाही संध्याकाळच्या आत ती जिनिंग चालू करून द्यायची होती.

परतीच्या सगळ्या वाटेवर शेषेरावच्या डोक्यात दोन मशीनं भांडत होती. साधं घेतलं तर दुरुस्ती आपल्या हातात, पण पंप उठेल याचा भरवसा नाही. अल्टरनेटर घेतला तर पंप उठेल, पण बिघडला तर आपण बघत बसायचं. पंधराची मोटार शोधायला आठ दिवस, आणि तेवढ्यात एकतीस मार्च निघून जाणार. मग ती नाही उठली तर हेही गेलं आणि तेही गेलं. अल्टरनेटर मागवला तर दोन महिने घागरी मोहगावलाच. लोह्यापर्यंत त्यानं अल्टरनेटर ठरवला, अहमदपूरला चहा पिताना मोडला, आणि रेणापूरला उतरला तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. त्याला स्वतःचा राग येत होता आणि खरं म्हणजे भीती वाटत होती.

तीस तारखेला सकाळी तो हरणवाडीला गेला. कुणाला काही न सांगता त्यानं पंढरीच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली, दोन तारा घडीभर मशीनला लावल्या, इंजन चालू केलं आणि बल्ब जोडले. बाराच्या बारा पेटले.

आणि इथं सगळा घोळ झाला. वाड्यातली माणसं धावत आली. "शेषानं नीट केलं! शेषानं नीट केलं!" सरजाबाई नावाची एक म्हातारी होती, तिनं तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पंढरी आला, ग्रामसेवक मन्मथ सायकलवरून आला. मन्मथच्या पिशवीत अल्टरनेटरच्या मागणीचा कोरा अर्ज होता. पेटलेले बल्ब बघून त्यानं तो तसाच घडी करून परत ठेवला.

"बरं झालं शेषेराव," पंढरी म्हणाला. "आपल्या माणसानं केलेलं मशीन हाय. आता सरकारच्या दारात कशाला जायचं?"

वाड्यातल्या पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या, सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव होता. त्यांच्यातल्या एकानं, खडी फोडलेल्या पोरानं, साहेब दोन महिन्यांनी देणार होता ते आठ दिवसांत करून दाखवलं होतं. शेषेरावच्या मनात आलं, आज पंप लावूच नये. पंधराची मोटार आणावी, गुपचूप बसवावी, उठली तर उठली. तोवर हे बल्ब पेटलेले राहू देत. हा विचार त्याच्या मनात किती वेळ होता हे त्यालाच माहीत.

मग त्यानं नळीकडं बघितलं. बायका घागरी घेऊन ओळीनं बसल्या होत्या. मोहगावला जायची वेळ झाली होती आणि त्या गेल्या नव्हत्या. त्या त्याच्या बल्बांच्या भरवशावर बसल्या होत्या, आणि धुरपताबाई सगळ्यात पुढं.

"भाऊसाहेब, अर्ज काढा," तो मन्मथला म्हणाला.

"अहो, पण चालू झालंय की."

"न्हाई झालं. बगा आता सगळ्यायनी." आणि शेषेरावनं बल्ब तसेच ठेवून पंपाचा खटका दाबला. बारा बल्ब लाल झाले, निखाऱ्यागत झाले आणि विझले. इंजन मोकळं धावू लागलं. त्यानं ते बंद केलं तेव्हा माळावर एवढी शांतता झाली की म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

"हे मशीन दिव्याचं हाय," तो म्हणाला. "पंपाचं न्हाई. म्या बल्बावर तपासलं, तिथंच चुकलं. साहेब सांगत व्हते, मला कळलं न्हाई आणि मी हाव म्हनलो. उद्या एकतीस तारीख हाय. अल्टरनेटर मागवा."

मन्मथ खाली बसला आणि लिहायला लागला. तो भला माणूस. त्यानं लिहिलं, काही तांत्रिक अडचणीमुळे. मग स्वतःच थांबला. "असं चालायचं नाही. गावात मशीन बनवलं हे लातूरला माहीत आहे. ते कामाचं नाही असं स्पष्ट लिहावं लागेल, नाहीतर वर कुणी सही करणार नाही."

"लिवा मंग. शेषेराव सोनकांबळे यांनी बनविलेले यंत्र पंपासाठी निरुपयोगी आहे."

मन्मथनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. आता वाड्यातल्या लोकांचे अंगठे हवे होते. शाईचं पॅड पुढं झालं आणि कुणीही हात पुढं करेना.

"म्या न्हाई द्यायची," सरजाबाई म्हणाली. "आपल्या लेकराचं नाव सरकारी कागदावर खराब करायचं? त्यापरीस मोहगाव बरं." एक-दोघांनी तिची री ओढली. शेषेरावला ही माया सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या.

धुरपताबाई उठली. पदर खोचून ती कागदाजवळ येऊन बसली.

"आठ दिस म्हणला व्हतास," ती म्हणाली.

"चुकलो, माय."

"ह्या नव्या मशीननं पाणी येईल?"

"ते म्या अजून डोळ्यानं बगितलं न्हाई. पर मोटार उठवायची ताकद त्यात हाय, असं उस्ताद म्हणला."

"उस्ताद म्हणला ते सोड. तू काय म्हणतूस?"

शेषेरावला खरं तर अजूनही पुरतं कळलेलं नव्हतं. प्लेट उडाली तर काय, हे त्याला माहीत नव्हतं. मशीन वेळेवर येईल का, हेही नव्हतं. पण एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला कुणी त्याचं स्वतःचं मत विचारलं होतं.

"येईल," तो म्हणाला. "दोन म्हयने लागतील."

"मंग दोन म्हयने जाऊ." तिनं अंगठा पॅडवर दाबला, आणि मुलाचं नाव जिथं लिहिलं होतं त्याच्या खाली, मन्मथनं दाखवलेल्या जागी, ठसठशीत उठवला. मग सरजाबाईकडं बघून म्हणाली, "म्या देऊन राहिले, तर तुला काय झालं?" सरजाबाई डोळे पुसत पुढं आली. तिच्यामागून ओळच लागली. सत्तेचाळीस अंगठे झाले. शेषेराव बाभळीखाली बल्ब काढत होता आणि त्याला बल्ब नीट दिसत नव्हते.

सगळे अंगठे झाल्यावर बायकांनी घागरी उचलल्या. मोहगावला पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला आणि त्यांना वरून ओतायला एक तासभर कुणी आलं नाही.

अल्टरनेटर मेच्या अठ्ठावीस तारखेला आला. शेषेरावनं तो बसवला आणि प्रत्येक नट दोनदा आवळला. पंपाचा खटका दाबला तशी इंजनानं मान खाली घातली, घरघरलं, काळा धूर सोडला, आता बंद पडतंय की काय असं वाटलं, आणि मग जमिनीखालचा पंप उठला. नळीतून आधी हवा आली, मग तांबडा गाळ, मग पाणी. बायकांनी एकच गलका केला. कुणी कुणाला भिजवलं याचा हिशेब राहिला नाही.

धुरपताबाईनं घागर भरली. तिनं स्वतःच्या हातानं नळी धरली होती, वरून कुणी ओतत नव्हतं. घागर भरली तरी तिनं हात काढला नाही, पाणी काठावरून सांडत राहिलं आणि ती ते सांडू देत राहिली. मग ती मुलाकडं वळली.

"हे बंद पडलं तर कोण नीट करणार?"

"त्यातली प्लेट मला येत न्हाई, माय."

"मंग शिक," ती म्हणाली, आणि घागर डोक्यावर घेऊन चालू लागली.